बोलायच्या कॉलेजात मुकी बाई

आयुष्यात मी येडपणे पुष्कळ केले. पण एक असा आहे की तो आठवला की अजून मानेला घाम फुटतो.

पुण्यात एक कॉलेज होतं. तिथं बोलायला शिकवत. कंपनीत साहेबाशी कसं बोलायचं, गिऱ्हाइकाशी कसं, पत्र कसं लिहायचं, माईकपुढं कसं उभं राहायचं. त्याची तीन वर्षांची पदवी. बिझनेस कम्युनिकेशन. त्या कॉलेजात, माझ्या पोरीच्या अ‍ॅडमिशनच्या दिवशी, मी मुकी झाले.

खरीखुरी नाही. बनले.

काचेचं टेबल होतं. पलीकडे एक बाई, गळ्यात पट्टा, पट्ट्याला तिचाच फोटो. सगळे तिला मॅडम म्हणत. अलीकडे मी आणि माझी पोरगी. मॅडमनी मला विचारलं, काय करता आपण? मी हसले. गाव कुठलं? मी आणखी हसले. मग तिनं पोरीला विचारलं, "आई बोलत नाहीत का?"

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मग मॅडमकडं. मग टेबलाकडं.

"नाही. आईला बोलता येत नाही."

मॅडमनी मान तिरकी केली. आजारी वासराकडं पाहतात तशी. आणि मोठ्यानं, शब्द तोडून तोडून मला म्हणाली, "ब-सा. पा-णी ह-वं?"

आता मी कोण? आमच्या धाड गावच्या बाजारात भाव करायला लागले तर दुकानदार हात जोडायचा. बचतगटाची अध्यक्ष. विहारात बाया जमल्या की मला गप्प बसवायला दोघीजणी लागायच्या. ती मी. त्या मी काय केलं?

मान हलवली. हो, मुकीच आहे म्हणून.

आज मी आजी आहे. दात थोडे उरलेत, जीभ पूर्ण आहे. माझी नात मला म्हणते, आजी, तुला राग नाही आला? अगं, राग यायला आधी माणूस जागेवर लागतं. तेव्हाची ती चाळिशीची बाई, नवं लुगडं, तेल लावून चापून बसवलेले केस, तिच्या अंगात फक्त भीती होती. डोक्यापासून चपलेपर्यंत भीती.

कशाची, ते सांगते.

मी हे लिहिताना शाळेतली मराठी लिहिते. सातवीपर्यंत तीच गिरवली. बोलताना मात्र मी माझी बोलते. मले, तुले, काऊन, जाऊन राह्यली. आमच्या भागात सगळे असेच बोलतात आणि कोणाचं काही अडत नाही. अडतं ते पुण्यात. त्या सकाळी शिवाजीनगरला उतरलो आणि मी रिक्षावाल्याला म्हणाले, "दादा, या कॉलेजात जायाचं हाय, किती घेशीन?" तो हसला. त्याच्या शेजारचा हसला. वाईट नव्हते हसले. पण पोरीचं तोंड उतरलं. रिक्षात बसल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, तिथं मीच बोलते हं."

आई. गावात मला माय म्हणायची. बारावीला तालुक्याला जायला लागल्यापासून बाहेर आई झाले होते.

मी म्हटलं, बरं. आणि पिशवीतून सुपारी काढली. सबंध. आमच्या सासूबाईंची रीत होती ती. सोयरिकीला जायचं म्हटलं की माझं तोंड फार चालतं म्हणून त्या माझ्या गालात सबंध सुपारी द्यायच्या. "फोडू नको, गिळू नको. नुसती धरून ठेव." त्या सुपारीच्या जिवावर आमच्या घरची दोन लग्नं जमली असं त्या सांगायच्या. मला वाटलं, कॉलेज म्हणजे तरी काय, पाहण्याचाच कार्यक्रम. पोरगी त्यांना पसंत पडली पाहिजे. माझ्या तोंडानं मोडायला नको.

एवढी शहाणी होते मी!

माझ्या पोलक्याच्या आत, पिन लावून, बोअरचे पैसे होते. चार एकर कोरडवाहू. बीटी कपाशीची सरकी येऊन चार-पाच वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी दुकानात पोस्टर लागलं. पांढऱ्याशुभ्र बोंडांत उभा माणूस, दात काढून. अळी लागतच नाही म्हणे. आम्ही पाकिटासाठी रांगा लावल्या, ज्यादा पैसे मोजले. सासूबाईंचा नियम होता, दुसऱ्याच्या वावरात मागच्या वर्षी पाहिल्याशिवाय बी घ्यायचं नाही. आम्ही म्हटलं, म्हातारीला काय कळतं. एक वर्ष चांगलं गेलं. मग अळी नाही लागली, लाल्या लागला. पानं तांबडी, बोंडं लिंबाएवढी होऊन थांबली. पाणी हवं होतं त्या वाणाला, आणि पाणी आमच्याकडं नव्हतं. म्हणून बोअर. नवऱ्यानं दोन वर्षं चहा सोडून पैसे साठवले होते.

आणि पोरीनं माहितीपुस्तक आणलं. गुळगुळीत कागद. कोट घातलेली पोरगी, मागं काचेची इमारत. पोरगी दात काढून.

नवरा म्हणाला, "पह्यल्या वर्षाची फी म्हंजे एक बोअर. तीन वर्षं म्हंजे तीन बोअर. बोअरले पाणी नाही लागलं तं निदान जमिनीत भोक तं राह्यते. डिग्रीचं काय राह्यते व?"

पोरगी म्हणाली, "बाबा, बियाण्याच्या कंपनीचा मेळावा झाला तवा गाडीतून पुढं कोण उतरलं? शेतकी शिकलेला माणूस मांगं सतरंजीवर बसला होता. माईक घेऊन बोलणारा खुर्चीवर होता. खुर्ची बोलणाऱ्याले भेटते."

नवऱ्यानं बोअरचे पैसे काढून माझ्यापुढं ठेवले. पोरगी म्हणाली, ते खरंच होतं.

तर मी बसलेली. मुकी. गालात सुपारी, पोलक्यात बोअर. पोरीला आतल्या खोलीत नेलं, दहाबारा पोरं गोल बसवून बोलायला लावतात म्हणे, त्यातून निवड. मी बाहेर त्याच टेबलाजवळ. एक सर चहाचा कप घेऊन आले. टेबलाच्या कडेवर टेकले.

"ही कोण?"

"एका मुलीची आई. मुकी आहे."

"ऐकू येतं?"

"मुक्यांना कुठं ऐकू येतं, सर. समोरून ओठ पाहून मान हलवते नुसती."

मी समोरच्या कॅलेंडरकडं पाहत राहिले. पापणी हलवली नाही.

"मुलगी कशीय?"

"हुशार आहे. पण तोंड उघडलं की बुलढाणा. आत्ता म्हणाली, माझ्यावाली फाईल. माझ्यावाली! हिला क्लायंटसमोर कोण उभं करणार? तीन वर्षांनी फोनवर कर्जाची वसुली करत बसेल, नाहीतर गावी."

"मग घेऊ नकोस."

"घेऊ नको काय सर, अर्धा वर्ग रिकामा आहे. आजच भरून घ्यायची. हे लोक एकदा परत गेले की येत नाहीत."

"विद्यापीठाचं मान्यतेचं पत्र विचारलं तर?"

"मागच्या बॅचचं अडकलंय, यांचं कुठून येणार. विचारतंय कोण?"

"फ्रीशिपवाली आहे का? आपल्याकडं ती सरकारी फीमाफी चालत नाही, सांगितलंस ना?"

"आडनावावरून तीच. पण रोख आणलीय. बघा ना, छातीवरचा हात काढत नाहीये."

दोघांनी माझ्या हाताकडं पाहिलं. आणि हसले. माझ्या हाताकडं पाहून हसले. मी हात काढला नाही. काढला असता तर मला ऐकू येतं हे कळलं असतं. मी तसाच ठेवला, त्यांना हसू दिलं.

लोक मला विचारतात, आजी, तुम्ही जाती-पातीचे अपमान पाहिले असतील. पाहिले. पाणवठ्यावरचे पाहिले, शाळेत मागं बसवायचे पाहिले. तोंडावर शिवी देणाराला निदान माहीत असतं की समोर कान आहेत. इथं मी खुर्ची होते. माझ्यासमोर माझी पोर मोजली, माझं आडनाव मोजलं, माझ्या घामाचे पैसे मोजले. आणि ही खुर्ची मला कोणी केली? मॅडमनी? पोरीनं? मान तर मी हलवली होती.

तिथं माझी खरी भीती सुरू झाली. सकाळची भीती म्हणजे लाज होती. ही वेगळी. 

बोलले तर पोरगी खोटी पडते. दहा लोकांत, ज्या जागेसाठी ती दोन वर्षं आरशासमोर ‘ले’चं ‘ला’ करत होती त्याच जागी. नाही बोलले तर बोअर जातं, आणि तीन वर्षांनी हातात कागदही नाही. सुपारी दातांखाली आली. मी ती चावत होते हे मला कळलंच नाही. दाढ ठणकली.

दार उघडलं. पोरगी आली. असा चेहरा मी तिचा दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता.

"आई, सिलेक्ट झाले!"

मॅडम म्हणाली, "अभिनंदन. पैसे आत्ता भरले तर सीट पक्की. आईंना सांग, खुणेनं."

आणि माझ्या लेकीनं मला खूण केली. अंगठ्यानं बोटावर. पैसे.

मी सुपारी काढली. काचेवर ठेवली. टक्कन वाजली. मला वाटलं होतं वाघिणीचा आवाज निघेल. निघाला तो बकरीचा.

"मले बोलता येते."

कोणी तरी मागं खुदकन हसलं. एका पोराचा बाप. मॅडम माझ्याकडं नाही, पोरीकडं वळली. "तू खोटं बोललीस? पहिला धडा इथंच घे. खोटं बोलायला आम्ही शिकवत नाही."

आता हसणारे वाढले. पोरगी काचेकडं पाहत होती. काचेवर ओली सुपारी.

मी म्हटलं, "मॅडम, मांगच्या पोरींचं विद्यापीठाचं पत्र आलं काय?"

मॅडमनी सरांकडं पाहिलं.

"मांगच्या वर्षी शिकून निघाल्या त्या पोरी कुठी कामाले हायेत? एकीचा तं नंबर द्या. मी इचारते तिले."

सर म्हणाले, "मावशी, ही भाजी मंडई नाही." आणि वॉचमनला बोलावलं.

मंडईत निदान भाव विचारला की सांगतात, हे उत्तर मला सुचलं. पण कधी? एसटी नगर सोडून पुढं गेल्यावर. तिथं त्या वेळी मी फक्त उठले. वॉचमन जवळ आला तेव्हा एवढंच म्हणाले, "हात नको लावू." जाताना मी टेबल धरलं, आणि काचेवर माझ्या पाच बोटांचे डाग पडले. मॅडमनी ते माझ्या समोरच पुसले.

परतीच्या एसटीत पोरगी खिडकीशी बसली.  मी चिवडा पुढं केला. नाही. पाणी. नाही. मी म्हटलं, ते पत्र अडकलं हाय, मी माह्या कानानं ऐकलं. तिनं कान दाबून घेतले. तिच्या लेखी मीच तिची जागा घालवली होती. बोली सोडवत नव्हती, पैसाही सोडवत नव्हता, अशी अडाणी बाई.

आणि आता मला तिचीच भीती वाटायला लागली.

त्या वर्षांत आमच्या भागात हे असं होतं. कोणाच्या तरी घरातून रडणं ऐकू यायचं आणि बाया आधी विचारायच्या, फवाऱ्याचं औषध होतं काय घरात? बापे जायचे, आणि पोरीही जायच्या. पेपरात बापे यायचे, पोरी यायच्या नाहीत. एसटीत माझ्या डोळ्यांसमोर एकच, गोठ्याच्या आढ्याला टांगलेली आमची औषधाची पिशवी. घरी पोचलो तशी मी चप्पलही काढली नाही. आधी गोठा. ती पिशवी काढली आणि शेजारच्या रहीमचाचांच्या कुलपात नेऊन ठेवली. ते म्हणाले, "क्या हुआ भाभी?" मी म्हटलं, काही नाही, उंदीर झालेत. उंदीर आणि औषधाचा काय संबंध? त्यांनी विचारलं नाही. किल्ली कंबरेला लावली. त्यांच्याही घरात दोन पोरी होत्या.

पुढचे कितीतरी दिवस मी पोरीच्या मागं मागं. ती गावातल्या जुन्या मोटेच्या विहिरीकडं गेली की मला तिकडंच सरपण सापडायचं. ती वेचणीला गेली की तिच्या शेजारची ओळ माझी. नवरा म्हणायचा, "तिले श्वास तं घेऊ दे." मी तेच तर मोजत होते, ती घेते की नाही.

एका दुपारी वेचता वेचता ती थांबली. ओटीत कापूस. म्हणाली, "त्या पुस्तकात एका पोरीचा फोटो हाय. लोणारची. खाली नाव हाय."

एवढंच. मी म्हटलं, "जाऊ पाहाले?"

मागच्या वर्षीचं वावर पाहायला आम्ही अशा निघालो. लोणारला उतरलो, दोन ठिकाणी विचारलं आणि ती सापडली. भावाच्या मोबाईल रिचार्जच्या दुकानात. पुस्तकात कोट, इथं ओढणी. तिनं आम्हाला चहा पाजला आणि काही लपवलं नाही.

"शिकवते चांगलं, मावशी. माझी बोलायची भीती गेली. पण पत्र अडकलंय, म्हणून डिग्री दाखवता येत नाही. बारावीवरच नोकरी धरली. पुण्यात खोली, मेस, बस धरून हातात काही उरत नव्हतं. आले परत. भीती जायला एवढे पैसे द्यायचे का, ते तुम्ही ठरवा."

माझ्या पोरीनं तिला विचारायला सुरुवात केली. वर्गात काय शिकवतात, कंपन्या कोणत्या येतात, त्या कोणाला घेतात, हाच विषय सरकारी मान्यतेच्या कॉलेजात आहे का, तिथं फ्रीशिप लागते का. मी तोंड उघडलं नाही. सुपारी नसताना गप्प बसले, जन्मात पहिल्यांदा. पोरगी कागदावर लिहून घेत होती आणि तिच्या लक्षातही नव्हतं की ती सगळं आमच्या बोलीत विचारत होती.

औरंगाबादला मिळालं. तोच विषय, जुनं कॉलेज, फ्रीशिप लागू, पोरींचं वसतिगृह. मेसचे पैसे घरून. बोअर त्या वर्षी नाही झालं, पुढच्या वर्षी झालं, आणि पाणी लागलं ते खारट. नवरा म्हणाला, "भोक तं राह्यलं."

पुढं त्या पदवीनं काय दिलं ते आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही तेच विचारत बसाल. पहिली नोकरी लागली बियाण्याच्या कंपनीत. बोलीमुळंच लागली. गावोगाव जाऊन आपल्या भाषेत पाकिटं विकायची.  तीच बोली, आता पोस्टरवर. पोरीनं एक हंगाम काम केलं. एका बाईनं तिला विचारलं, "पोरी, तुह्या बापानं लावली काय हे?" दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा दिला. मग दोन वर्षं कमी पगारात काढली. आता दवाखान्यांना आणि कंपन्यांना लोकांशी समजेल असं कसं बोलावं हे शिकवते. घर चालतं. गाडी नाही. फायदा झाला का, तर झाला. स्वस्तात नाही झाला.

पण मला सांगायचा आहे तो औरंगाबादचा पहिला दिवस. अ‍ॅडमिशनचा. फाटकाशी आम्ही दोघी. आत तसंच टेबल असणार, तशीच बाई असणार. माझा हात आपोआप पिशवीत गेला.

पोरीनं माझं मनगट धरलं. घट्ट. दुखलं. ती माफी मागेल असं वाटलं मला. डोळे कोरडे होते तिचे. आजूबाजूला पोरं-पोरी, आईबाप, सगळे ऐकत होते, आणि ती आवाज न उतरवता बोलली. जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते.

"माय, मी तुले मुकी म्हटलं, ते माहं पाप हाय, मी पाहून घेईन. पण तू मान काऊन हालवली? तवाच माह्या थोबाडात काऊन नाही देली? आता ऐक. आत कोणी बी काही म्हणो, साहेब म्हणो, मॅडम म्हणो, मी म्हणो. मान हालवायची नाही. चाल."